कुलपातले शब्द

करुणानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते एप्रिलच्या रणरणत्या दुपारी. धुळ्याच्या त्या धर्मादाय दवाखान्यासमोर रिक्षा थांबली आणि कॉम्प्युटरचं खोकं छातीशी कवटाळून एक उंच मुलगा खाली उतरला. एक चप्पल रिक्षातच राहिली. डांबर असं तापलेलं, की तो एका पायावर नाचायलाच लागला. करुणाला हसू आवरेना. तिनं रिक्षातली चप्पल काढून त्याच्या पायापुढं ठेवली.

"हसून झालं असेल तर... दारही धराल?" तो म्हणाला.

तो सुकदेव, अमळनेरचा. केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायला आला होता. करुणा तिथंच रेकॉर्डच्या खोलीत कामाला. सोयरीक जुळवण्याआधी लोक दवाखान्यात गुपचूप चौकशीला येत; कुणाचा क्षय, कुणाचं वेड खिडकीतून बाहेर फुटे आणि लग्नं मोडत. म्हणून डॉक्टरांनी दोघांना बसवलं. कुठली माहिती कुणाला दिसावी, याचे नियम करा म्हणाले.

तीन वर्ग ठरले. उघडं, जपून आणि कुलूपबंद. ठरावीक शब्द सापडला की मशीननं तो कागद आपोआप कुलपात टाकायचा. शब्द करुणा सुचवायची, मशीनला सुकदेव शिकवायचा.

"फिट," ती एकदा हळूच म्हणाली. "फिट येणं... तेही कुलपात."

दुसऱ्या दिवशी एसटीच्या सगळ्या ड्रायव्हरांची फिटनेस सर्टिफिकेटं कुलपात! बाहेर आरडाओरडा, आत दोघं पोट धरून हसताहेत. मग नियम पुन्हा नीट लिहिला.

"तुमचं नाव कुठल्या वर्गात?" त्यानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"उघडं."

"पत्ता?"

"जपून."

"आणि... मनातलं?"

"त्याला शब्दच नाही," ती म्हणाली, "मशीनला कसं सापडणार?"

एक नियम मात्र तिनं हट्टानं घातला. "आजाऱ्याचाच कागद 'बंद' म्हटला, तर बंद म्हणजेच आजारी असं लोक समजतील. बाहेरच्याला सगळ्यांच्या बाबतीत एकच उत्तर— सांगता येत नाही."

तो तिच्याकडं बघतच राहिला. तिनं नजर चुकवली. लहानपणी तिला फिट यायच्या. उपचार इथलेच. त्याला सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज जीभ टाळ्याला चिकटायची.

काम संपलं. जळगावला त्याचं पुढचं काम होतं. निघताना तो दारात घुटमळला. "येतो..." एवढंच म्हणाला. तीही "या," एवढंच.

मग दिवस सुने झाले. त्याच्या खुर्चीवर कुणी बसलं की तिला उगीच राग यायचा. पावसाची भुरभुर सुरू झाली, पांझरेला पाणी आलं. संध्याकाळी पुलावर ती जळगावकडून येणारी एसटी बघत उभी राहायची. त्यानं यावं असं वाटायचं; आला तर सांगावं लागेल, याची धडकीही भरायची.

एका सकाळी खिडकीशी पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे आले. "पोरी, मी अमळनेरथून उनू. आमना नातू सुकदेवले आठली, या दवाखानानी एक पोर पसंत शे, करुणा नावनी. तिले काही दुखनं व्हतं का, तेवढं देखी सांग."

त्यानं घरी सांगितलं! करुणाला आनंदानं रडू येईल असं झालं... आणि त्याच क्षणी कुलपातला स्वतःचा केसपेपर आठवला.

"नाना, कुणाचीच माहिती देता येत नाही," ती म्हणाली. म्हातारे वळणार, तोच तिनं हाक मारली. "नाना... ती करुणा मीच. दवाखाना सांगणार नाही, मी सांगते. मला लहानपणी फिट यायच्या. कॉलेजात गेल्यापासून आली नाही. गोळ्याही डॉक्टरांनी थांबवल्या."

नाना टोपी सारखी करून निघून गेले.

आठवडा सरला. तिनं आशा सोडली होती. आणि एका भुरभुरत्या दुपारी सुकदेव ओल्या शर्टानं दारात उभा!

"नाना काय म्हणाले?" तिनं धीर करून विचारलं.

"दवाखान्यात कुणी काही सांगत नाही म्हणाले. घरी एवढंच. मला एकट्याला म्हणाले, 'जे शे ते तिलेच इचार. पन पोर सोडू नको.'" तो थांबला. "काय आहे, करुणा?"

तिनं सांगितलं. खाली बघत, अडखळत, सगळं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. आता हा "येतो" म्हणेल, असं तिला वाटलं.

"आणि पुन्हा आलीच," तो म्हणाला, "तर मी काय करायचं? तेवढं शिकवून ठेवा."

"कुशीवर वळवायचं... तोंडात काही कोंबायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही. आणि घाबरायचं नाही."

"घाबरेन तर मी नक्की." त्यानं तिचा हात हातात घेतला. "पण हलणार नाही जवळून. —कुठल्या कुशीवर?"

"डाव्या," ती रडत-हसत म्हणाली.