मिटल्या डोळ्यांची आरती

गोजरबाई घरात आली नाही. पायरीवरच बसली आणि म्हणाली, "उद्धवराव, दुपारच्या गाडीनं माझ्या लेकराला परभणीला नेऊन राहिले. तिथून ते माघारी येत न्हाई."

१९३८ सालचा आषाढ होता. हिंगोलीच्या सेवा मंडळाचा आखाडा तेव्हा साऱ्या गावाचा अभिमान. निजाम सरकारची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळालेली. खेड्यापाड्यांतली गरीब, कसदार पोरं मंडळ निवडायचं; त्यांना दूध, बदाम, लंगोट पुरवायचं. सुटीच्या दिवशी मंडळाचे वकील-डॉक्टर धोतर खोचून त्याच पोरांशी हुतूतू खेळायचे, हरायचे आणि पोट धरून हसायचे.

त्या वर्षी एका पोराला वऱ्हाडात व्यायामाच्या शिक्षणाला धाडायचं होतं. पुसेगावचा सटवाजी पहिला, गोजरबाईचा रामकिशन दुसरा, मंडळाचे चिटणीस उकंडराव यांचा त्र्यंबक तिसरा.

गुरुपौर्णिमेच्या सकाळी, निवडीच्या दिवशी, टांगत्या मल्लखांबाचा दोर तुटला. सटवाजी खाली डोकं, वर पाय अशा पवित्र्यात होता. मान मोडून जागीच गेला. दोर आधीच अर्धा कापलेला निघाला.

उद्धवराव हैदराबादेत एका बॅरिस्टरांसाठी दहा वर्षं तपासाची कामं करून गावी परतले होते. त्यांनी पगडी घातली. गोजरबाई सोबत होतीच; विष्णुपंत मास्तरही निघाले. ते रोज चहाला येत आणि उद्धवरावांचं बोलणं दोन दिवसांनी समजून घेत.

रामकिशन चावडीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"मल्लखांब कुणी टांगला?"

"म्याच. आदल्या दिशी. पहाटं एरंडेल बी म्याच चोळलं, वरपासून खालपर्यंत."

"मग?"

"मग आरती. आमी सारे मारुतीकडं तोंड करून डोळे मिटतो. तवर मागं वस्ताद खांबावर चढून दोर पारखतात. वस्ताद चढल्याबिगर कोणी हात लावत न्हाई."

"त्या दिवशी चढले?"

"चढले की! दोर करकरला. रोज करकरतो. मग म्या शिडी लावून दोराला झेंडूचा हार बांधला. सटवाजी मला म्हणला, रामा, हार वाकडा हाय. मी म्हणलं, तुझं तोंड वाकडं हाय. तेवढंच बोलणं झालं."

बाहेर येताच विष्णुपंत कुजबुजले, "संपलंच की! दोराजवळ शेवटी हाच गेला."

"तेवढ्यावरच तर पोलिसांच्या अमीनसाहेबांनी त्याला धरलाय," उद्धवराव म्हणाले.

धर्मसिंग वस्ताद आखाड्याच्या ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. गोजरबाईला पाहून त्यांनी डावाच हात कपाळाला लावला. उद्धवरावांनी रांजणातलं पाणी पुढे केलं. तेही त्यांनी डाव्या हातानेच घेतलं.

"वस्ताद, तुम्ही दोर पारखला होता?"

"व्हय. माझा भार बराबर पेलला त्यानं."

"लंगोटावर चढलात?"

"या वयात? धोतराचा काचा मारला, अंगात हाच सदरा. तीन दिवस झाले, अंगावरचं कापड बदललं न्हाई. चेला म्हणजे लेकरूच. मी त्याचं सुतक पाळून राहिलो."

सदरा पांढरा होता. घामाने पिवळटलेला, पण बाकी कोरा. उद्धवराव खाली पडलेल्या मल्लखांबापाशी गेले. खांबाला हात लावून त्यांनी बोटं विष्णुपंतांच्या बाहीला पुसली.

"अहो, हे काय!" मास्तर ओरडले. "एरंडेलाचा डाग जन्मात जात नाही!"

"हो ना?" उद्धवराव म्हणाले.

मग त्यांनी शिडी चढून पाहिलं. वर तुळईवरून गेलेल्या वेढ्यात, खालून न दिसणाऱ्या वरच्या अंगाला, अंबाडीच्या दोराचे तंतू सुरीने सरळ कापलेले होते. समोर हजेरीची खुर्ची होती. तिचं तोंड मल्लखांबाकडे, पाठ मारुतीकडे.

उकंडराव वाड्यावर होते. शांत, गंभीर.

"आखाड्याच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक वस्तादांची, एक माझी. रामकिशन माझी मागून नेतो."

"त्या सकाळी वस्ताद चढले होते?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी खुर्चीवरच होतो. चांगले वरपर्यंत गेले. त्यानंतर दोराजवळ एकटा रामकिशन गेला. वाईट वाटतं हो, मंडळाच्या दुधावर वाढलेलं पोरगं."

अंगणात त्र्यंबक उघड्याने बसला होता.

"तू नव्हतास रे त्या दिवशी?" उद्धवरावांनी जाता जाता विचारलं.

"बाबांनी जाऊ दिलं न्हाई. म्हणले, काल लई घाम गाळला, आज नको. निवडीच्या दिवशी, काका! मी भांडलो, रडलो. दाराला कडी घातली त्यांनी."

बारा वाजता सगळे आखाड्यात जमले. अमीनसाहेब घड्याळ पाहत होते. रामकिशनच्या हातांत बेड्या होत्या.

"वस्ताद," उद्धवराव म्हणाले, "उजवा हात वर करा."

धर्मसिंग हलले नाहीत.

"येत नाही ना वर? खांब एरंडेलाने माखलेला होता. त्याला मिठी मारून चढणाऱ्याच्या छातीवर तेल लागणारच. तुमचा सदरा कोरा आहे. तुम्ही चढला नव्हता. डाव्या हाताने खांब हिसकलात, दोर करकरला, मिटल्या डोळ्यांच्या पोरांना वाटलं, वस्ताद चढले."

वस्तादांची मान खाली गेली. "खांदा गेला. साल झालं. चढता न येणाऱ्याला वस्ताद कोण म्हणंल?"

"म्हणजे वस्तादांनीच..." विष्णुपंत म्हणाले.

"नाही, मास्तर. हार बांधला तेव्हा सगळे पाहत होते; सुरी चालली ती आदल्या रात्रीच. दोर कापणाऱ्याच्या जागी उभे राहा. वस्ताद आधी चढणार असं ज्याला वाटतं, तो सटवाजीसाठी दोर कापेल का? आधी वस्तादच पडतील. रामकिशनला तसंच वाटत होतं. सगळ्या पोरांना वाटत होतं. वस्ताद चढत नाहीत हे दोघांनाच ठाऊक होतं: स्वतः वस्तादांना आणि आरती चालू असताना डोळे उघडे ठेवून खांबासमोर बसणाऱ्या माणसाला."

सगळ्यांची नजर खुर्चीकडे गेली.

"वस्ताद खोटं बोलले ते लाजेपायी. पण उकंडराव, न चढलेला माणूस तुम्हाला वरपर्यंत गेलेला कसा दिसला? दोर आधी शाबूत होता असं ठरलं, तरच दोष रामकिशनवर येतो. पहिला मेला, दुसरा तुरुंगात, उरला तिसरा. आणि त्या तिसऱ्याला तुम्ही त्या सकाळी कोंडून ठेवलंत. दोर सटवाजीच्या भाराखाली टिकला असता, तर पुढे तुमचं पोरगं चढलं असतं."

उकंडराव हसायला गेले. हसू आलं नाही.

"मला वाटलं," धर्मसिंग पुटपुटले, "चिटणीस माझी अब्रू राखून राहिले."

"बाबा?" मागून त्र्यंबक म्हणाला. "बाबा, न्हाई म्हणा की."

उकंडराव हळूच म्हणाले, "तुझ्यासाठीच रे."

त्र्यंबकाने मंडळाने दिलेला लंगोट मल्लखांबापाशी ठेवला आणि तो मागे न पाहता निघून गेला. पुन्हा हिंगोलीत कुणाला दिसला नाही.

बेड्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या. रामकिशन आईला बिलगला, पण गोजरबाई रडलीही नाही, हसलीही नाही.

"काहून गप, माय?"

"तू सुटलास, बाबा. आता पुसेगावला जाऊन सटवाजीच्या मायला काय सांगू?"

वस्ताद तिच्या मागोमाग पुसेगावपर्यंत पायी गेले. आखाड्यात मात्र पुन्हा कधी उतरले नाहीत.

आखाडा पुढे पुष्कळ वर्षं चालला. आरतीही रोज व्हायची. फक्त पोरं आता मल्लखांबाकडे तोंड करून उभी राहायची, आणि डोळे कुणीच मिटायचं नाही.