पाय पुसून या

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाहीतर पुढे सरका. आणि कृपा करून खाली "मस्त लिहिलंय" वगैरे लिहू नका. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात हे घडलंय, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

अमावास्येची रात्र नव्हती. पडका बंगला नव्हता.

बडोदे. रावपुरा. तिसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट. गेल्या उन्हाळ्यातली दुपार, चहाची वेळ.

सुनीतीमावशी ओट्यापाशी आलं किसत होती. आणि हॉलमधून आवाज आला...

कच्... सर्र्...

कच्... सर्र्...

वाळक्या पानांच्या ढिगातून कोणीतरी चालत होतं.

"गंगाबाई, आत्ता कसला केर काढताय?" मावशी आतूनच ओरडली.

मग तिला आठवलं... गंगाबाई सकाळीच काम उरकून गेली होती.

ती हॉलमध्ये आली. कोणी नाही. पंखा चालू. खिडक्यांच्या जाळ्या बंद. फक्त झोपाळा हलत होता... आणि एका बाजूने जरा खाली गेला होता, कोणी बसलं की जातो तसा.

दुसरी कोणी असती तर किंचाळत जिना उतरली असती. मावशी चिडली.

तिचा स्वभाव तुम्हाला सांगायलाच हवा. जन्मभर शाळेत गणित शिकवलं तिने. तिची जुनी मुलं आज चाळिशीला आलीत, तरी ती भाजी घ्यायला निघाली की रस्ता बदलतात. आणि तिच्या रागाचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे तिचे यजमान, अरविंदकाका. काका मकरपुऱ्याला एका कारखान्यात होते. तिथे एकदा डाव्या पायावर लोखंडी पट्टी पडली, तेव्हापासून तो पाय घासत चालायचे. एक पाऊल, एक फरफट. रोज सकाळी कमाटीबागेत फिरून यायचे आणि मातीच्या बुटांसकट थेट झोपाळ्यावर!

"अहो, पाय पुसा!"

"हो हो," म्हणायचे.

पुसायचे नाहीत. दारातलं पायपुसणं कोरंच्या कोरं. सगळा संसार या एका भांडणावर झाला त्यांचा.

कच्... सर्र्. एक पाऊल, एक फरफट.

मावशीने चाल ओळखली होती. पण काका तर त्याच्या आधीच्या दिवाळीपूर्वी गेले होते. तेही इथे नाही, इंग्लंडमध्ये.

त्यांचा मुलगा अनिश तिकडे एका खेड्यात राहतो. मावशीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून काका एकटेच गेले. अनिशच्या घरामागे जुनं रान आहे. ओकची, बीचची झाडं. थंडीआधी सगळी पिवळी-लाल होतात आणि मग उघडीबोडकी होईपर्यंत गळत राहतात. काका रोज तिथे जायचे आणि व्हिडिओ कॉल लावायचे. "सुनीती, बघ गं, अख्खं रान पिवळंधमक झालंय!"

"आधी कान झाका," मावशी म्हणायची.

त्याच रानात, एका बाकावर बसल्या बसल्या काका गेले. मावशीला जाता आलं नाही. अनिशने तिकडेच दहन केलं आणि अस्थी घेऊन बडोद्याला आला. आम्ही सगळे चांदोदला गेलो. नर्मदेत नाव मध्यावर आली, अनिशने कलश मावशीच्या हातात दिला, आणि मावशी म्हणाली, "एवढंच?"

खरंच हलका होता. एवढा दांडगा माणूस!

"तिकडे एवढंच देतात, आई," अनिश म्हणाला.

मी शेजारीच बसले होते. तो बोलताना पाण्याकडे बघत होता.

तर... उन्हाळ्यातली ती दुपार. त्यानंतर रोजच. चहाच्या वेळेला बरोबर. कच्... सर्र्... गॅलरीतून हॉल, हॉलमधून झोपाळा. मावशीने कोणाला सांगितलं नाही. ती फक्त स्वयंपाकघरातून ओरडायची, "निदान आता तरी पाय पुसा!"

मग एक दिवस गंगाबाईने झोपाळ्याखालून झाडूने काहीतरी ओढून काढलं.

"बेन, आ शेनुं पान छे?" कशाचं पान, ते तिलाही कळेना.

वाळलेलं, तांबूस पान. कडा नागमोडी. पिंपळाचं नाही, बदामाचं नाही. अख्ख्या रावपुऱ्यात असलं झाड नाही.

मावशीने त्याच क्षणी अनिशला व्हिडिओ कॉल लावला आणि पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे काय आहे?"

अनिश पानाकडे बघतच राहिला.

"अनिश, मी काय विचारतेय?"

"ओकचं पान आहे, आई..." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुला कुठे मिळालं?"

आणि मग सगळं बाहेर आलं. अर्ध्याहून जास्त अस्थी त्याने तिकडेच, त्या बाकामागच्या ओकच्या बुंध्याशी सोडल्या होत्या.

"कोणाला विचारून?"

"आई, बाबाच म्हणाले होते. मला इथे बरं वाटतं रे, काही झालं तर थोडा इथेच ठेव. आणि म्हणाले, आईला सांगू नकोस, चिडेल ती."

"चिडेल?" मावशीचा आवाज खालच्या पानवाल्यापर्यंत गेला असेल. "चिडेल? आमचं ठरलं होतं चांदोदचं! दोघांचं! एकाच पाण्यात जायचं म्हणून ठरलं होतं! आणि हा माणूस परक्या मुलखातल्या झाडाखाली जाऊन बसतो? आणि तू मला भर नावेत, नर्मदेवर, तोंडावर खोटं बोलतोस?"

तिने फोन झोपाळ्यावर आपटला. अनिशवर मी आजही चिडून आहे, लपवत नाही. बापाचा शब्द पाळलास, ठीक. पण कलश हातात घेऊन आईने "एवढंच?" विचारलं, ते ऐकू आलं नाही तुला?

मावशीने व्हिसा काढला. गुडघ्यांना पट्टे बांधले. दसरा झाला आणि अहमदाबादहून विमानात बसली. पिशवीत पांढऱ्या मलमलीचा तुकडा. त्या झाडाखालची माती बांधून आणायची, चांदोदला सोडायची, माणूस पुरा करायचा. तेवढं एकच तिच्या डोक्यात होतं. अनिशशी ती विमानतळापासून घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं रानात गेली.

हे मला मावशीनेच सांगितलंय, तसंच सांगते. रात्रभर पाऊस पडून गेला होता. वाटेवर पानांचा जाड थर, भिजून लगदा झालेला. ओल्या गोणपाटासारखा वास. वारा नव्हता, तरी पानं गळत होती... एकेक... आवाज न करता. अनिशचे बूट, मावशीचे बूट, कशाचाच आवाज होत नव्हता.

आणि मागून आलं...

कच्... सर्र्...

ओली पानं वाजत नाहीत. तुम्ही चालून बघा. पण मागची वाजत होती. कोरडी, कुरकुरीत.

अनिश थांबला. "आई, ऐकलंस?"

"मी सहा महिने ऐकतेय," मावशी म्हणाली. "चल पुढे. मागे बघू नकोस."

आतापर्यंत कुठेतरी पाखरं बोलत होती. ती गप्प झाली.

बाक आला. मागे तो ओक, चार माणसांच्या कवेत न मावणारा. मावशी दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसली, पानं बाजूला केली, मुठीने माती उपसून मलमलीत बांधली. गाठ मारली. मग उठून उभी राहिली आणि त्या झाडाकडे तोंड करून तिने जे सुरू केलं...

"लाज नाही वाटत? तिकडे मी रोज चहा करतेय, आणि तुम्ही इथे गंमत बघत बसलात? मला विचारलंत एका शब्दाने? आणि घरी येताय ते चोरासारखे, पानं सांडत! यायचं तर नीट या. दारातून या. पाय पुसून या. नाहीतर येऊच नका!"

कुत्रा फिरवायला आलेली एक बाई लांबूनच परत फिरली म्हणे.

मावशीने गाठोडं छातीशी धरलं. "चला आता," ती म्हणाली, आणि वाटेला लागली.

मागे काहीच नाही.

रानाच्या तोंडाशी लाकडी फाटक आहे. तिथपर्यंत दोघं आली तरी काही नाही. मावशीने फाटकावर हात ठेवला, आणि तेव्हा पावलं सुरू झाली...

कच्... सर्र्... कच्... सर्र्...

पण लांब जाणारी. आत. झाडांमध्ये.

"अहो!" मावशी ओरडली.

थांबली नाहीत.

मावशीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सणासुदीचा उखाणा सोडला, तर तिच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं, अनिशनेही नाही. त्या दुपारी ती घशाच्या शिरा ताणून ओरडली,

"अरविंद!"

पावलं थांबली.

रानात एक पान हलेना.

मग... कच्... सर्र्... पुन्हा आतच गेली. हळूहळू ऐकू येईनाशी झाली. अनिश फाटकाला धरून लहान मुलासारखा रडत होता. मावशी रडली नाही. रागाने तिचे दात वाजत होते.

ती परत आली. आम्ही चांदोदला गेलो, माती पाण्यात सोडली, गुरुजींनी मंत्र म्हटले. नावेत मावशी म्हणाली, "माती आणली मी, अबोली. माणूस आला नाही."

आणि घर खरंच गप्प झालं. चहाच्या वेळेला काही नाही. झोपाळा जागच्या जागी. दिवाळी गेली. मावशी भाजीवाल्याशी भांडेना, गंगाबाईवर ओरडेना. मला तर तेच जास्त भयंकर वाटायचं. तिचा राग आत जाऊन बसला होता आणि माणूस वाळत चालला होता.

मग उत्तरायण आलं. बडोद्यात उत्तरायणाला घरात कोणी असतं का? सगळी गच्चीवर, पतंग उडवायला. लाऊडस्पीकर, चिक्की, "काप्यो छे!" ची बोंबाबोंब. दुपार कलल्यावर मी मावशीला वर न्यायला तिच्या घरी उतरले. आत गेले, सवयीने दाराला आतून कडी लावली. ती झोपाळ्यावर बसली होती.

"मावशी, चल ना वर. ओवी तुझी वाट बघतेय." ओवी माझी मुलगी.

"तू जा."

आणि तेवढ्यात... गच्चीवरचा गोंगाट बंद झाला.

म्हणजे थांबला नव्हता. खिडकीतून मला समोरच्या गच्चीवरची पोरं नाचताना दिसत होती, तोंडं उघडी. पण आवाज येत नव्हता. पंखा फिरत होता, त्याचाही नाही.

मग जिन्यावर...

कच्... सर्र्...

एकेक पायरी. मी मावशीकडे बघितलं. ती ताठ बसली होती, नजर दारावर.

पावलं वर आली. दाराशी थांबली.

बेल वाजली नाही. कोणी दार ठोठावलं नाही. कोणीतरी फक्त पलीकडे उभं होतं.

मावशी बसल्या जागेवरून, रोजच्यासारख्या आवाजात म्हणाली, "पाय पुसा."

क्षणभर काहीच नाही.

आणि मग...

खस्स्... खस्स्...

पायपुसण्यावर. आधी एक पाय. मग दुसरा, तो दुखरा, सावकाश.

खस्स्...

मावशीचा चेहरा लालबुंद झाला. काका गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

"आता पुसतोय!" ती दाराकडे बघून ओरडली. "जन्मभर घसा फोडला मी, तेव्हा नाही... आता पुसतोय मेला!"

"मावशी," मी कसंबसं म्हटलं, "दार..."

"हात लावायचा नाही दाराला! राहू दे उभा! मला एकटीला टाकून तिकडे बसला ना? राहू दे!"

एकदम गच्चीवरचा आवाज परत आला. पंखा घरघरला. बऱ्याच वेळाने मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पायपुसणं मात्र ओलं होतं. काळी माती आणि तांबूस पानांचा चुरा. मी वास घेतला. ओल्या गोणपाटाचा.

त्या दिवसापासून रोज. ती पावलं घरात येत नाहीत. दाराशी येतात, पाय पुसतात, उभी राहतात. मावशी आतून ओरडते, दार उघडत नाही. गंगाबाई आता पायपुसणं झटकते आणि काही विचारत नाही. अनिशला मी सांगितलं, तर म्हणतो रानात आता काहीच ऐकू येत नाही, तो रोज जाऊन बसतो. बसू दे.

मला वाटायचं, असंच चालेल. ती चिडत राहील, तोवर ठीक आहे.

पण काल मी गेले. मावशी आंघोळ करून, धुवट साडी नेसून बसली होती. शांत. कितीतरी दिवसांनी हसली माझ्याकडे बघून. "तू नीघ आता, उशीर होईल तुला," म्हणाली.

ओट्यावर चहाचं आधण ठेवलं होतं. शेजारी दोन कप.

मी म्हटलं, "मावशी, मी थांबते ना."

"तुझा नाहीये तो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. जराही नव्हता.

मी दाराशी आले. कडी आधीच काढलेली होती.