घनश्याम सेठच्या गाडीचा उजवा दिवा

खेमराजला यात काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

एक गाडी मिळणार होती. अख्खी. फुकटात.

आणि नागपूरला तिचं गिऱ्हाईक आधीपासून तयार होतं.

खेमराज म्हणजे आमचे जवाई. माझ्या धाकट्या बहिणीचा, नूतनचा नवरा. बालाघाटात किरनापूर रोडला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हात चांगला. नजर त्याहून चांगली, फक्त ती कायम दुसऱ्याच्या वस्तूवर.

हे मागच्या डिसेंबरातलं आहे. ऐकीव नाही. मी तिथं उभा होतो. कोणाला पटवायची मला हौस नाही, पण खोटं म्हणायचं असेल तर आधी नूतनसमोर बसून म्हणा.

गाडी किरनापूरच्या घनश्याम सेठची. धानाची मिल होती त्यांची. कधीतरी नागपूरहून एक जुनी विदेशी स्पोर्ट कार घेऊन आले. दोनच दरवाजे, आणि इतकी खाली की बसलं की बूड रस्त्याला लागेल असं वाटायचं. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले. बटण दाबलं की पापणी उघडावी तसे वर यायचे.

घूंऽऽ... ठक.

परत दाबलं की मिटायचे.

पुढे उजवा दिवा बंद पडला. वर येईना. सगळं किरनापूर तिला ‘काणी गाडी’ म्हणायला लागलं. सेठ खेमराजकडे खेपा घालायचे आणि खेमराज दरवेळी सांगायचा, पार्ट मिळत नाही, सेठ. त्यानं एकदाही बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं. म्हातारा कंटाळेल आणि गाडी आपल्याच गळ्यात टाकून जाईल, हा त्याचा बेत.

सेठ कंटाळले नाहीत. मेले.

दहाव्याला आम्ही सगळे वैनगंगेवर होतो. पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. भावानं सांगितलं, मिल चालू ठेवू. पुतण्यानं सांगितलं, काकूले अंतर देणार नाही. कोणी काय, कोणी काय. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. लोकांना भुका लागल्या. अशा वेळी माणूस मेलेल्याला काहीही कबूल करतो.

खेमराज पुढं झाला. हात जोडले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“सेठ, तुमच्या गाडीचा दिवा मी लावून देतो. दोन्ही डोळे उघडतीन अन् मिटतीन. खेमराजचा शब्द हाय.”

झाडावरून एक कावळा उतरला...

पिंडाला शिवला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कोणी खेमराजच्या पाठीवर थाप मारली. त्यानं माझ्याकडं बघून हळूच एक डोळा मिचकावला.

तेरवी झाल्यावर सेठच्या बायकोनं, पुष्पलताबाईंनी, त्याला बोलावून घेतलं. गाडीचा त्यांना उपयोग नव्हता. घेऊन जा म्हणाल्या. अट एकच. दिवेलागणीला एकदा दारासमोर आणून दोन्ही दिवे लावून दाखवायचे. मग गाडी त्याची.

गाडी दुकानात आली.

दिवा तपासायचं काम एकट्याचं नाही. एकानं आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्यानं पुढं उभं राहून बघायचं. नोकराला सांगितलं तर नागपूरच्या गिऱ्हाईकाची बातमी फुटेल म्हणून खेमराजनं नूतनला बसवलं. सेठच्या सीटवर.

फ्यूज पाहिला. चांगला.

रिले बदलला. बटण दाबलं की टिक आवाज येतो, दिवा येत नाही.

मोटर खोलून बाहेर काढली, बॅटरीला लावली. भिंगरीसारखी फिरली. परत गाडीत बसवली...

मेल्यासारखी पडून.

दिवा उचलणारी दांडी मोकळी होती. वायर कुठं तुटलेली नव्हती. बिघाड सापडेचना. आणि नागपूरवाला रोज फोन करत होता.

शेवटी खेमराजनं मोटरची वायरच काढून टाकली. अशा दिव्यांच्या मोटरीला खाली एक खुंटी असते. ती हातानं फिरवली की दिवा वर येतो. त्यानं दिवा वर घेतला आणि आतून लोखंडी तारेनं आवळून बांधला. बल्बला वेगळी वायर दिली. झाला उजेड.

आता तो मिटणार नव्हता. पण मिटवून कोण बघतंय?

नूतनला ते आवडलं नाही. “तुम्ही पिंडासमोर शब्द देल्ता,” ती म्हणाली. “मेलेल्या माणसाले फसवून राह्यले काय?”

“मेलेल्याले दिसते काय?” खेमराज म्हणाला, आणि बॉनेट आपटलं.

संध्याकाळी ते दोघं गाडीतून किरनापूरला निघाले. मी मोटरसायकलवर मागं. गाडी वाटेत बंद पडली तर ढकलायला कोणी हवं म्हणून मला घेतलं होतं. जवायाच्या कामाला नाही म्हणता येत नाही.

पुष्पलताबाई ओट्यावर उभ्याच होत्या. दोन्ही दिवे जळत होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. खेमराज खाली उतरून हात बांधून उभा राहिला, भल्या माणसासारखा.

“आता एकदा मिटून दाखव,” बाई म्हणाल्या. “घरी आले की ते आधी डोळे मिटवत तिचे. मंगच उतरत.”

खेमराजच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. पण गडी तयारीचा. नवीन पार्ट आहे, उजवा अजून जाम चालतो, असं काहीतरी सांगितलं आणि नूतनला सेठच्या सीटवर सरकायला लावलं. मी काचेपाशीच होतो. मला सगळं ऐकू आलं.

“नका ना,” ती म्हणाली. “मोटरले वायरच नाई लागली त्याच्या. मले भेव लागते.”

“डावा तर मिटते ना. दाब मुकाट्यानं. इतकंही काम होत नाई तुह्यानं?”

तिनं दाबलं.

घूंऽऽ ठक. डावा मिटला.

उजवा तसाच. खेमराज हसून बाईंना काही सांगायला वळला...

टण्.

आत तार तुटली.

आणि उजवा दिवा खाली जायला लागला. मोटरचा आवाज नाही. कसलाच आवाज नाही. झोप लागलेल्या माणसाची पापणी उतरते तसा, हळूहळू, तो पूर्ण मिटला.

मग उघडला.

मग परत मिटला.

खेमराजनं धावत जाऊन बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर ओढून काढली. डावा मिटला होता तो मिटलेलाच राहिला.

उजवा मात्र... उघडला. जळत होता.

पुष्पलताबाईंनी हात जोडले. “झालं त्यांचं समाधान,” म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावलं.

दार लागल्यावर तो दिवा मिटला.

नूतन सीटवरून उतरेना. बटणावरचं बोट मलाच सोडवावं लागलं. ती माझ्याकडं बघत होती. डाव्या डोळ्याची पापणी लवत होती.

उजव्याची लवत नव्हती.

त्या दिवसापासून तो डोळा मिटलेला नाही.

बालाघाटात दाखवलं, गोंदियाला दाखवलं, नागपूरला दाखवलं. लकवा म्हणावा तर तोंड सरळ, गाल सरळ. डॉक्टर थेंब देतात आणि रात्री पापणी ओढून चिकटपट्टी लावा म्हणतात. नूतन रोज लावते. सकाळी पट्टी उशाशी सापडते, नीट घडी घातलेली.

ती घडी नूतन घालत नाही.

मी खेमराजला म्हटलं, जवाई, परत नदीवर जाऊ. पिंड ठेवू. चार माणसांसमोर सांगा की दिवा बांधला होता, चुकलं माझं.

त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, “अन् पुष्पलताबाईनं गाडी वापस मागतली तर?”

त्याच आठवड्यात त्यानं गाडी नागपूरला पोचवून दिली. घेणाऱ्याचा फोन आला होता. खूश आहे. उजवा दिवा तर मख्खन चालतो म्हणे.

मागच्या महिन्यात मी नूतनकडे गेलो. जेवण झालं, दुपारची ती चटईवर पडली. घोरायला लागली. उजवा डोळा उघडाच, छताकडं. मी पाणी प्यायला उठलो...

डोळा माझ्यासोबत आला.

माठापर्यंत आला. मी पाणी पिईपर्यंत माझ्यावर थांबला. ती घोरतच होती.

मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो. त्यानंतर फोन करतो, घरी जात नाही. मीही काही फार मोठा माणूस नाही.

तर हिशेब असा. सेठला त्यांचे दोन्ही दिवे मिळाले. पुष्पलताबाईंचं अंगण मोकळं झालं. नागपूरवाल्याला गाडी मिळाली. खेमराजनं दुकानाला नवीन शटर लावलं आणि आता तो तिथंच झोपतो. त्याला झोप गाढ लागते, असं तो स्वतः सांगतो.

जागते ती नूतन.