तेलात ॲसिटोन कुठून आलं

नमुने घ्यायच्या खिडकीवर त्या मंगळवारी कोणीच नव्हतं, म्हणून तपासणी करणारी तीच प्रयोगशाळेतून उठून आली. बाहेर तो उभा... हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीतल्या झाडाच्या, बियांच्या तेलाच्या तीन बाटल्या तान्ह्या बाळासारख्या छातीशी धरून.

“नीट तपासा हं,” तो म्हणाला. “बिया नुसत्या घाण्यावर दाबल्यात. तेल ओढून काढायच्या सॉल्व्हंटचा, रसायनाचा, थेंब सापडायचा नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

“आणि सगळ्यांकडे तुम्ही असंच बघता?”

ती हसली नाही. प्रयोगशाळेत तिला ‘काटेकोरबाई’ म्हणत, ते काही उगाच नाही. पण पुढच्या मंगळवारी हीच काटेकोरबाई सकाळपासून चारदा खिडकीत डोकावून गेली.

मग खिडकीवर नवी मुलगी आली आणि सगळं बिनसलं. बोलकी, हसरी, दर आठवड्याला नखांना नवा रंग. तेलवाला खिडकीला टेकून तिच्याशी खिदळत बसायचा. काचेच्या अलीकडून हिला शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसतं हसू दिसायचं, आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी एका सोमवारी हिनेही जांभळं नेलपॉलिश आणून लावलं. मंगळवारी कामावर आल्यावर लक्षात आलं, की रबरी हातमोज्यांत नखं बघणार कोण? त्यात काचेपलीकडे ती दोघं पुन्हा हसत होती. ती रागारागाने टेबलाशीच बसली, पर्समधून रिमूव्हर काढलं, खसाखसा नखं पुसली आणि हातमोजे न घालता तशीच त्याचं तेल कुप्यांत भरायला लागली. बाहेरचं काही मिसळलेलं नाही हे कळायला आधी एक रिकामी कुपी मशीनला लावायची असते, तीही राहिली.

दोन तासांनी मशीनने दाखवलं — तेलात ॲसिटोन, म्हणजे सॉल्व्हंटच.

खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला बरंच वाटलं. बरा सापडला, म्हणे थेंब नाही! मग सहज हात नाकाशी गेला. रिमूव्हरचा वास अजून तिच्याच बोटांना येत होता, आणि रिमूव्हर म्हणजे ॲसिटोनच. तिकडे त्याचा माल टेम्पोत भरून उभा होता. हा रिपोर्ट गेला असता, तर सगळाच्या सगळा परत आला असता.

तिने हात धुतले, हातमोजे घातले आणि दुसऱ्या खोलीत जाऊन सगळं पुन्हा केलं. रिकामी कुपी स्वच्छ, तेलही स्वच्छ. पण पहिला निकाल गुपचूप पुसायची सोय नव्हती. चूक कशामुळे झाली ते लिहायचं आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला द्यायची, असा नियम. तिने मान खाली घालून लिहिलं आणि कागद स्वतःच खिडकीशी नेला.

त्याने तो दोनदा वाचला. “नेलपॉलिश काढलं... नमुन्याशेजारी? तुम्ही?”

“रागात होते.”

“कोणावर?”

खिडकीवरची मुलगी एकाएकी रजिस्टरमध्ये बुडून गेली.

“तुमच्यावर,” ती म्हणाली. तोंडातून निघालंच होतं, मग तिने मागचंपुढचं पाहिलं नाही. “हिच्याशी दोन दोन तास हसता. मी आले की नुसतं — रिपोर्ट झाला का?”

तो कानापर्यंत लाल झाला. “हिच्याशी बोलायला काही लागत नाही हो. तुम्ही समोर आलात, की... घरून ठरवून आणलेलं सगळं विसरतो. आणि बाकीच्यांच्या बाटल्या कशा येतात?”

“कुरिअरने.”

“मग माझ्या का येत नाहीत, ते नाही कधी तपासलंत?”

तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. नखांच्या कडांना अजून जांभळा रंग होता, तो दिसला तर दिसला.

“यापुढे तुमचे नमुने मी तपासणार नाही,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. “एवढा राग?”

“नियम आहे. आपल्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नसतो.”

मग त्याने कागदाची हळूच घडी घातली.

“चालेल,” तो म्हणाला. “बाटल्या कुरिअरने पाठवतो. मी रिकाम्या हाताने येईन.”