दोघांचा ब्रेक

धीरज, तो मोबाईल आधी खिशात घाल. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर घरी जाऊन झोपा.

तुमच्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतो. बोट लावलं की गाडी उभी. आपल्या नवापूरच्या पुंडलिकच्या गाडीला तसलं काही नाही. जुनी गाडी, दोन्ही चाकांना ड्रम. मागच्या ब्रेकला एक लोखंडी सळई आणि सळईच्या टोकाला नट. नट आवळला की ब्रेक कडक, सोडला की सैल. पण त्यात एक खोड आहे, ती ध्यानात ठेवा. मागे माणूस बसलं की गाडी दबते आणि सळई सैल पडते. म्हणून दोघं बसणार असतील तर नट जास्त आवळावा लागतो. आणि असा दोघांचा ब्रेक घेऊन एकटा निघाला, की चाक घासतं. घर्र घर्र करतं.

पुंडलिकचा ब्रेक कायम दोघांचा. कारण मागे हंसा असायची.

रोज सकाळी तो तिला बोईसरच्या बाजारात मासळी विकायला सोडायचा. ती एका अंगाने बसायची, मांडीवर पाटी, एक हात त्याच्या सदऱ्याला. ब्रेक आवळायची वेळ आली की तिला मागे बसवून तो खाली वाकायचा आणि नट फिरवायचा. ती वरून बडबडायची, “आवळा नीट. एक दिवस टँकरखाली घालाल मला.”

“तुझ्या वजनानं टँकरच थांबल,” तो म्हणायचा.

हंसा डावखुरी होती. जाळं सांधायला बसली की तिची गाठ उलटी पडायची. बायका हसायच्या तिला. पण ती गाठ दुसऱ्या कुणाला सुटायची नाही, आणि किनाऱ्यावर कुठल्याही जाळ्यात लगेच ओळखू यायची.

दोन पावसाळ्यांमागे ती तापाने गेली. दवाखान्यात नेताना ह्याच गाडीवर होती, डोकं त्याच्या पाठीला टेकवून. परत आली ती गाडीवरून नाही.

मग पुंडलिकने तिचं पायदान वर दुमडलं आणि जाळ्याच्या दोऱ्याने करकचून बांधलं. मागे कुणाला बसवलं नाही. नट मात्र सोडला नाही. एकटाच फिरायचा आणि चाक घासत राहायचं. कुणी टोकलं तर म्हणायचा, “घासू दे.” घासून घासून ब्रेक पार जळून गेला. गाडी थांबवायची तर चप्पल रस्त्याला टेकवावी लागायची.

त्याची पोरगी सपना. एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दुसरी पाळी सुटली की कंपनीची बस तिला नवापूरला आणून सोडायची. गेल्या माघात ती बस बंद झाली. रिक्षावाले फाट्याच्या पुढे येईनात. पोरगी अंधारात चालत यायची. एका रात्री कुणीतरी मोटारसायकल सावकाश चालवत तिच्या मागे मागे आलं, पार आपल्या वेशीपर्यंत. ती घरी आली आणि उंबऱ्यातच बसली.

“बाबा, आईची जागा मला नको. पन मग नोकरी सोडू काय? एकदाचं सांगा.”

पुंडलिकने तिला पाणी आणून दिलं.

“आनि मला न्यायला येनार असाल तर आधी ब्रेक करा. आई पन तेच बोलत गेली.”

दुसऱ्या दिवशी तो निघाला. मंगळवार होता, माघ वद्य अष्टमी. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ नाही, होड्या किनाऱ्याला. बोईसरला रामकिसनचं गॅरेज आहे, तिथे संध्याकाळी गाडी लावली. ब्रेक करून परस्पर कारखान्याच्या गेटवर जायचं, पोरीला घेऊन घरी यायचं. एवढंच काम.

रामकिसनने मागचा ड्रम उघडला आणि कपाळाला हात लावला. “काका, ये तो शीशा हो गया!” ड्रमला आतून घासून चाक धरणारे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. त्याने नवे बसवले. मासळीच्या खाऱ्या पाण्याने ड्रम आतून गंजला होता, तो पॉलिश पेपरने घासला. ग्रीस भरलं. पुढची केबल बदलली. तेवढ्यात लाइट गेली ती आलीच नाही, म्हणून अंधारात उशीर झाला. उरलं होतं फक्त नट आवळणं.

“सिंगल चलाते हो काका, के डबल?”

पोरीला आणायचं होतं, तेव्हा उत्तर सरळ होतं. पण त्याच्या मनात पोरगी आली नाही.

“डबल,” तो म्हणाला.

“तो बैठो दोनो.”

पुंडलिक गाडीवर बसला. रामकिसन दातांत बॅटरी धरून चाकापाशी खाली वाकला. पाना फिरवू लागला. मध्येच बॅटरी हातात घेऊन म्हणाला, “चाची को बोलो, हिलें नहीं.”

पुंडलिक तसाच बसून राहिला. मान वळवली नाही.

“हो गया. उतरने बोलो उनको.”

रामकिसन उठला. बॅटरी सीटवर मारली. मागे कुणी नव्हतं.

“अभी तो स्प्रिंग दबी थी, काका…”

काय म्हणालास धीरज? भुताला हेल्मेट लागतं काय? हसून घे. तिथे कुणी हसलं नाही.

पुंडलिक निघाला. स्टेशनची गर्दी मागे पडली. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला लागला. दिवे नव्हते. दोन्हीकडे कारखान्यांच्या भिंती, हवेत डोळ्यांना झोंबणारा वास. चंद्र अजून उगवायचा होता.

ब्रेक दोघांचा. गाडीवर एकटा. चाक घासायला हवं होतं.

घासत नव्हतं.

त्याने गाडी सावकाश केली. कान दिला. चाक लोण्यासारखं फिरत होतं. गाडी मागून दबलेली. खड्ड्यात गेली की तशीच बसायची, जशी पूर्वी बसायची… मग त्या कारखान्याच्या वासातून दुसरा वास आला. सुक्या बोंबलाचा.

सदरा एका बाजूला ओढल्यासारखा झाला.

तो मागे वळला नाही. त्याला भीती वाटली, पण ती मागे असल्याची नाही. वळलं तर ती नसेल, ह्याची.

वळण आलं. वळणाच्या पुढे रस्त्यातच टँकर उभा होता. बंद पडलेला. मागे दिवा नाही, दगड नाही, फांदी नाही. काळं पिंप नुसतं. दिसलं तेव्हा पुढ्यात होतं.

त्याने ब्रेक दाबला. पूर्ण.

नवे लायनर धरले. चाक ओरडलं. गाडी थांबली… टँकरच्या लोखंडाला पुढचा मडगार्ड टेकला, इतकंच. आणि त्याच क्षणी मागून एक वजन त्याच्या पाठीवर येऊन आदळलं. माणूस पुढे सरकतं तसं. मऊ. थंड.

काही वेळ तसंच राहिलं. त्याच्या पाठीला टेकून.

मग स्प्रिंग कुरकुरली. गाडी वर उचलली गेली.

“हंसा…”

त्याने हात मागे नेला. सीट रिकामी होती.

“हितं का उतरलीस? घर लांब हाय अजून.”

टँकरमधून थेंब पडत होते. टप. टप.

बराच वेळ तो थांबला. मग गाडी टँकरच्या बाजूला घेऊन सुरू केली. चाक घर्र करून घासलं.

तेव्हा तो रडला. बायको गेली तेव्हा नव्हता रडला. डिकीतून पाना काढला, रस्त्यावर गुडघे टेकले आणि अंधारात हाताने चाचपून तो नट सोडला. दोन पावसाळे त्याने स्वतः कधी न सोडलेला नट. एकट्याचा ब्रेक केला. चाक मोकळं फिरलं.

गेटवर पोचला. गाडी भिंतीला लावली, वॉचमनकडे जाऊन पोरीचं नाव सांगितलं. पाळी सुटली. सपना आली. गाडीपाशी येऊन थबकली.

“बाबा, पायदान सोडलंत?”

पायदान खाली होतं. दोरा नव्हता.

पोरगी बसणार, म्हणजे नट पुन्हा आवळायला हवा. तो पाना घेऊन वाकला. पाना फिरेना.

नट आवळलेला होता. जिथे होता तिथे. दोघांचा. आणि सुटू नये म्हणून त्याच्याभोवती जाळ्याचा दोरा गुंडाळून बांधला होता.

त्याने बोट फिरवून गाठ बघितली. एकदा. पुन्हा एकदा.

“काय झालं, बाबा?”

“काय नाय. बस… हितं पाय ठेव. सदरा धर माझा.”

घरी पोचेपर्यंत चंद्र वर आला होता. चाक एकदाही घासलं नाही.

गाडी त्याच्या पडवीत असते. पोरगी रोज मागे बसते. दोरा मिठाने कडक झालाय. रामकिसनने एकदा सोडायला घेतला, त्याला जमलं नाही. पुंडलिकही सोडत नाही. उद्या उजेडी जा आणि बघा. हात लावू नका.

गाठ उलटी आहे.