आंबटरावांची बाटली

"आत गुणगुण, बाहेर निवांत गं...
माझ्या पिंपाला कुणाची खंत गं..."

मावशी हे गुणगुणायची तेव्हा भाची एवढीशी होती. तळघरातल्या थंड फरशीवर उकिडवं बसायचं, नासपतीच्या रसानं भरलेल्या लाकडी पिंपाला कान लावायचा आणि आतली बारीक खदखद ऐकायची. कुणीतरी पांघरुणाखाली हसत असावं तशी.

"बोलतंय ना? बोलतंय तोवर छेडायचं नाही," मावशी सांगायची. "गप्प झालं की वाइन झाली."

मावशीचा आवाज आता थकला होता, हातही कापायचे. म्हणून यंदा मावशीनं तळघराची किल्ली भाचीच्या तळव्यावर ठेवली.

"यंदाचं पिंप सगळं तुझं. मी डोकावणारसुद्धा नाही. हंगाम संपताना बाजारात चाखेन, चारचौघांसारखी. जमलं तर नासपतीची बाग तुझी. नाही जमलं तर रसाच्या कारखान्याला देऊन टाकू. झाडांना कुणीतरी हवं ना गं."

बाजार भरायचा जुन्या चौकात. तिथला नेम एकच — आपल्या मातीत पिकलेलं, आपल्या हातानं घडवलेलं तेवढंच मांडायचं. पाववाल्या काकूंचे पाव दाबले की कुरकुरत बोलायचे. चीजवाल्या बाई चीजच्या चकतीवर बोटानं टकटक करून तिचं वय सांगायच्या. मधवाले आजोबा बाटली उन्हात धरून म्हणायचे, "हा मोहरीच्या फुलांचा, हा रानातला..." आणि भाची पाहत राहायची. एवढ्या गुणी माणसांच्या रांगेत आपलंही टेबल आहे, याचं तिला दर वेळी नवल वाटे.

त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. ताडपत्रीचा दोर सुटला आणि साचलेलं पाणी तिच्या डोक्यावर येणार, एवढ्यात एक लांब हात वर गेला. पाणी पलीकडे सांडलं — बरंचसं त्या हाताच्या मालकावरच.

"माफ करा, निम्मं तुमच्यावर आलंच," तो म्हणाला. पापण्यांवरून थेंब ओघळत होते आणि तो हसत होता. "मी तुमचा नवा शेजारी. सफरचंदाचं व्हिनेगर करतो. तुम्ही?"

"नासपतीची वाइन."

त्याचं हसू विझलं. तो दोन पावलं मागे सरला, भराभर बाटल्या खोक्यात भरल्या आणि चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

"काय गं, चावलीस की काय त्याला?" पाववाल्या काकू म्हणाल्या.

"मला काय माहीत. आंबटराव कुठले."

नाव चिकटलं ते चिकटलंच. पण आंबटराव दर बाजारी तिच्या टेबलाकडे यायचे. पांढराशुभ्र, नुकता धुतलेला सदरा घालून, तीन हात लांब उभे राहायचे.

"काय शेजारीणबाई, पिंप काय म्हणतंय?"

"शेजारीण कशी? तुम्ही तर परगावी जाऊन बसलात."

"मन तर इथंच मांडलंय... म्हणजे, लक्ष."

"मग जवळ या. पाऊस लागतोय तुम्हाला."

"लागू दे. लांबून बरं दिसतं."

"काय?"

"सगळंच," तो म्हणायचा आणि कान लाल करून निघून जायचा.

एकदा तिनं मागच्या हंगामातल्या वाइनचा पेला पुढे केला. त्यानं पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको... मी नको." पेला धरलेला तिचा हात तसाच राहिला. काकूंनी हळूच तो काढून घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला. "माझ्या पावाला तहान लागली होती," त्या म्हणाल्या. पण तिला हसू आलं नाही. एवढी का मी नकोशी?

नकोशी, तरी मन ऐकत नव्हतं. काकूंना पाठवून तिनं त्याची एक बाटली गुपचूप मागवली. बूच काढलं आणि तळघर सफरचंदांनी, ओल्या गवतानं, त्या पांढऱ्या सदऱ्याच्या वासानं भरून गेलं. मग ती बाटली पिंपाजवळच राहिली, उघडीच. जेवताना पावावर चार थेंब शिंपडायचे, डोळे मिटून खायचे आणि त्याच हातानं पिंपात नळी बुडवून चव बघायची.

पिंप गप्प झालं. ती आनंदानं वाकली... आणि वास नाकात शिरला. तीक्ष्ण, झिणझिणता. वर पातळ साय धरली होती.

आंबटातलं त्यालाच कळणार, म्हणून एका बाटलीत ते भरून ती धावतच त्याच्या कामाच्या खोलीवर गेली. दारातूनच आतलं दिसलं. तोंडांना पातळ फडकी बांधलेल्या बरण्या ओळीनं बसलेल्या, खिडकीतलं ऊन प्रत्येकीत वेगळं — कुठं गवती, कुठं तांबूस, कुठं जुन्या सोन्यासारखं. इतकं सुंदर काम करणारा माणूस इतका तुसडा कसा, असं तिला वाटलं.

"आत येऊ नका," तो ओरडलाच. बाटली त्यानं बाहेर येऊन घेतली. हुंगली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"माझंच आहे हे... माझ्याकडचं लागलंय तुमच्या पिंपाला."

"म्हणजे?"

"व्हिनेगरचं आंबवण. हाताला, बाहीला, सगळ्याला चिकटतं. वाइनमध्ये एक थेंब गेला तरी हळूहळू सगळी आंबट. तुम्हाला ठाऊक नाही?"

"आमच्याकडे व्हिनेगर कधी कुणी केलंच नाही."

तो भिंतीला टेकला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार. म्हणून तर लांब बसलो. आंघोळ करून, सदरा बदलून यायचो... तरी तीन हात लांब. पेला पुढे केलात तेव्हा वाटलं, माझी गंमत करताय."

तिचे ओठ हलले. तळघरातल्या उघड्या बाटलीची गोष्ट जिभेवर आली... आणि तिनं ती गिळली. मावशीचं पिंप एका वासापायी घालवलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"वाचेल का?" तिनं एवढंच विचारलं.

"वाइन म्हणून नाही. पण अर्धवट सोडू नका. माझ्याकडे द्या, पूर्ण व्हिनेगर होऊ दे."

हंगामाचा शेवटचा बाजार. चौकात लांबच लांब टेबल, त्यावर सगळ्यांचं थोडं थोडं. मावशीनं त्या पिंपातली बाटली उचलली, काकूंच्या पावावर चार थेंब घेतले, वर चीजचा तुकडा. बराच वेळ चावत राहिली.

"ही वाइन नाही," मावशी म्हणाली.

"नाही."

"पण झाड ओळखू येतंय गं. वरच्या बांधावरचं, वाकडं." तिनं आणखी चार थेंब घेतले. "माझ्या हातून इतकं स्वच्छ कधी उतरलं नव्हतं. बाग तुझी. फक्त पुढल्या वर्षी जे करायचंय ते ठरवून कर."

सगळे हसले. भाचीनं गर्दीत पांढरा सदरा शोधला. तो दुसऱ्या टोकाला खोकी बांधत होता.

ती त्याच्यामागे गेली. "एवढ्यात निघालात?"

"नदीपलीकडच्या बाजारात जागा मिळाली." त्यानं मान वर केली नाही. "एक पिंप घालवलं तुमचं, दुसरं नको. कुठून गेलं कुणास ठाऊक... सदऱ्यावरून, नाहीतर त्या पहिल्या दिवशीच्या पावसातून. जवळ आलो हीच चूक."

त्यानं दोर ओढला, गाठ मारली. आणखी एक खोकं, की संपलं. बाग मिळाली होती. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणारही नव्हतं.

ती चालत गेली. तीन हातांचं अंतर संपलं, दोन, एक... आणि तिनं दोरावर हात ठेवला.

"तुमच्यामुळे नाही झालं."

"मग?"

"तुमची एक बाटली मीच आणवली होती. तळघरात, पिंपाशेजारी ठेवली होती. उघडी." तिनं दोर सोडला नाही. "तुम्ही जवळ येत नव्हता ना... आणि तिला तुमचा वास होता."