कौलाचा पासंग

केसरीनाथला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो चोर आहे अशी माझी खात्रीच झाली होती. एक्क्याण्णव सालचा फेब्रुवारी. भिवंडीला कॉलेजात प्रॅक्टिकल आटोपून मी भरदुपारी अंजूरला रिक्षातून उतरले, तर गावदेवीच्या देवळात कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलेलं. पुजारी बाळारामकाका त्या वेळी जेवून घरी आडवे झालेले असतात, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी चपला काढल्या आणि आवाज न करता त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"काय उचलतोयस?"

तो दचकला नाही. मनगटावरच्या घड्याळावरची नजर न काढता त्याने नुसता हात वर केला – थांब जरा... आणि तेवढ्यात देवीच्या डाव्या खांद्यावरून तगरीची एक कळी टपकन खाली पडली.

"तेवीस मिनिटं," असं म्हणत त्याने वहीत लिहिलं. मग वळला. केसांत कापडाच्या लूमवरचा पांढरा कापूस, आणि डोळ्यांत असं काही हसू, की मला विनाकारण ओढणी सारखी करावीशी वाटली. "चोरी न्हाय," तो म्हणाला. "देवीची विचारपूस करतोय."

तो बाळारामकाकांचा भाचा निघाला. मूळचा मानकोलीचा, भिवंडीत लूमवर दुसऱ्या शिफ्टला. मामाचे गुडघे दुखायला लागल्यापासून शिफ्टला जाईपर्यंत देऊळ तोच सांभाळत होता.

आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय कुणी विहीर खणत नसे, की मुलगी देत नसे. तगरीच्या दोन ओल्या कळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. हाच कौल.

"चार महिने बघतोय," केसरीनाथ म्हणाला. "लोक येतात, इचारतात आन तोंड पाडून जातात. डावी, परत डावी. आई आपल्या लेकरांना सारखी न्हायच कशी म्हणेल? म्हणून लिवून ठेवतोय."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र, आणि नाक सदा वर. "समई कुठे आहे बघ," मी म्हटलं. ती देवीच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, चोवीस तास तेवत असे. "त्या बाजूची कळी आधी सुकते. सुकली की पडते. तुझी आई काहीच म्हणत नाहीये, ते बाष्पीभवन आहे."

मला वाटलं, आता चिडेल. तो समईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"एवढं सोपं होतं?"

"विज्ञान सोपंच असतं."

"नाव काय तुझं?"

"काशी."

"नाव तर देवाधर्माचं हाय."

"ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं."

तो मोकळेपणी हसला. त्या हसण्यामुळे दुसऱ्या दिवशी मी पुन्हा देवळात गेले, हे तेव्हा मी मेले तरी कबूल केलं नसतं. मी आकडे तपासायला जात होते, असं मीच मला सांगितलं.

"आज पण आलीस?" त्याने विचारलं.

"प्रयोग पुन्हा पुन्हा बघावा लागतो."

"मग उद्या पण लागेल," तो वहीत डोकं घालून म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

असे महिने गेले. मामाला सांगायचं तर आकडे भरपूर हवेत, असं तो म्हणायचा. तो कळ्या लावायचा, मी वेळ मोजायची आणि मधल्या वेळात आम्ही भांडायचो. पन्नास वर्षांनी कुणी देवाला कौल लावणार नाही, असं मी एकदा ठणकावून सांगितलं. सगळ्याची कारणं तोवर माणसाला कळलेली असतील.

"कळी का पडते ते कळेल," तो शांतपणे म्हणाला. "पण माणूस इथं का येतो, ते तुझ्या पुस्तकात कुठल्या पानावर हाय?"

मी उगाच पाणी मागितलं. तांब्या देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि पुढचं सगळं भांडण मी विसरले.

जूनमध्ये निकाल लागला. पहिला वर्ग. मुंबईला एम.एस्सी.ला जागा मिळाली, वसतिगृहात खोलीसुद्धा. आमच्या घरात इतकं कुणी शिकलं नव्हतं. कागद भरायला दहा दिवस होते. बाबांनी, म्हणजे गावाच्या हिरामणकाकांनी, प्रवेशाचं पत्र हातात धरून खूप वेळ खालीवर पाहिलं. ते घरचा तांदूळ भिवंडीच्या बाजारात विकत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्या पत्राचं वजन कळत होतं.

"मंगळवारी देवीला इचारू," ते म्हणाले. "ती हो म्हणाली तर जा. मी आडवा येणार न्हाय."

देवी काय म्हणणार, हे मला मिनिटांसकट माहीत होतं.

मी तशीच देवळात धावले. "केसरीनाथ, मंगळवारी समई थोडी सरकव. हातभर. बस्स."

तो म्हणाला, "तुझ्या प्रयोगात चालतं का असं? आकडा आवडला न्हाय, म्हणून गुपचूप बदलायचा?"

"ते वेगळं."

"मना काय वेगळं दिसत न्हाय. तिच्यासमोर खोटं मी करणार न्हाय, काशी... तुझ्यासाठी पण न्हाय."

"मग बस तिलाच धरून," मी म्हटलं आणि निघाले. आठवडाभर तिकडे फिरकले नाही. राग त्याचा नव्हता. विज्ञानाच्या गप्पा मी मारायच्या, आणि लबाडी करू नको हे त्याने मला शिकवायचं – हे झोंबत होतं.

मंगळवारी पाऊस संथपणे लागून राहिला होता. निम्मं गाव देवळात जमलेलं. बाळारामकाकांनी कळ्या लावल्या. बाबांनी हात जोडले. "आई, पोरीला मुंबईला धाडू का?"

अठ्ठावीस मिनिटांनी डावी पडली.

कुणीतरी सुस्कारा सोडला. बाबांचे डोळे भरून आले आणि तेव्हा मला कळलं, उजवीची वाट तेही माझ्याइतकीच बघत होते. मी फरशीकडे बघत बसले. संपलं सगळं.

"हिरामणकाका, थांबा."

केसरीनाथ पुढे आला. हातात वही. त्याने ती बाबांसमोर उघडून ठेवली. "एकशे चाळीस वेळा लावून बघितली. एकशे सतरा वेळा डावीच पडली. समईनं सुकते ती. काशीनं दाखवलं मना. आईनं न्हाय म्हटलेलं न्हाय, काका."

बाळारामकाका खांबाला धरून उठले. "देवीचं माप काढतोस? उतर खाली. परत या देवळात पाय ठेवायचा न्हाय."

केसरीनाथने मामाला वाकून नमस्कार केला आणि तो पायऱ्यांवर, पावसात जाऊन उभा राहिला.

बाबांना अक्षरं कमी यायची, आकडे मात्र चोख. पानामागून पान त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग समईकडे पाहिलं.

"पासंग हाय," ते हळूच म्हणाले.

रिकामा तराजू एका बाजूला झुकतो, त्याला पासंग म्हणतात. तो काढल्याशिवाय बाबांनी उभ्या जन्मात मूठभर तांदूळ तोलला नव्हता.

"बाळाराम, तराजूला पासंग असला तर दोष धान्याचा नसतो. समई मधे ठेव. मी परत इचारतो."

"असं कधी झालं न्हाय, हिरामण."

"मग आज होऊ दे."

समई मध्यावर आली. नव्या कळ्या लागल्या. बाबांनी तोच प्रश्न विचारला आणि आम्ही बसलो.

अर्धा तास गेला. तास गेला. कळ्या हलेनात. दमट हवेत, समईपासून लांब, दोन्ही ओल्याच राहिल्या होत्या. कारण मला माहीत होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते कुणाला समजावून सांगावंसं वाटलं नाही. लोक एकेक करून जेवायला गेले. बाळारामकाकांना खांबाला टेकून डुलकी लागली. दुपार झाली, तसे बाबा गुडघे चोळत उठले.

"दोन्ही धरून ठेवल्यात तिनं," ते म्हणाले. "म्हणजे तिला बोलायचं न्हाय. मीच बोलायचं हाय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जा पोरी. मन लावून शीक."

मी देवळातच त्यांच्या गळ्यात पडले आणि लहान पोरीसारखी रडले. जिंकल्यावर इतकं रडायला येतं, हे मला माहीत नव्हतं.

बाहेर केसरीनाथ अजून भिजत उभा होता. मी ओढणीने डोळे पुसत त्याच्यासमोर गेले.

"बाबा हो म्हणाले."

"ऐकलं."

"तू का बोललास?"

"खरं होतं म्हणून."

"एवढंच?"

त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. "गप्प बसलो असतो तर तू हितंच राह्यली असतीस. गावातल्या शाळेत शिकवलं असतंस... रोज दिसली असतीस. आठवडाभर मी तेच घोकत होतो – गप्प बसायचं, गप्प बसायचं. आन डावी पडली तवा तुझं तोंड बघितलं. न्हाय जमलं."

ज्याच्यामुळे मी जाणार होते, त्यालाच मी जायला नको होतं.

"दर शनिवारी येईन मी," मी म्हटलं. "तुझी शिफ्ट बदलून घे."

"कशाला?"

"मला तू हवा आहेस म्हणून. आता, दोन वर्षांनी आणि त्यानंतरही."

त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं आणि ते सगळंच पावसाचं नव्हतं.

"काशे," मागून बाबांचा आवाज आला. ते छत्री उघडत होते, आमच्याकडे न बघता. "त्याला पण घेऊन ये. सकाळपासून उपाशी हाय तो."

मी केसरीनाथचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. आणि भर दिवसा, सगळ्या अंजूरच्या डोळ्यांदेखत, आम्ही बाबांच्या मागोमाग घरी जेवायला निघालो.